खुलासा : काउंटीत कागद नोंदवला म्हणून अमेरिकेतलं घर कुणाचं होत नाही

‘रिकाम्या घराचं क्विटक्लेम डीड (आपला हक्क सोडून दुसऱ्याला दिल्याचा दस्त) नोटरी करून काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नोंदवलं की घर आपलं’ हा फिरणारा दावा खोटा आहे. सरकारच न मानणारे ‘सॉव्हरिन सिटिझन’ तो पसरवतात. (सरकार नको, पण सरकारी शिक्का हवाच!)

क्विटक्लेमने लिहून देणाऱ्याचा असेल तेवढाच हक्क पुढे जातो. त्याचा शून्य, तर घेणाऱ्यालाही शून्य. नोटरी सही करणाऱ्याची ओळख तपासतो, रेकॉर्डर (काउंटीचा नोंदणी अधिकारी) कागदाचा नमुना आणि फी. मालकी कुणीच तपासत नाही, म्हणून खोटा कागदही नोंदला जातो. ताब्यावरून मालकी सांगायची तर कॅलिफोर्नियात सलग ५ वर्षं उघड ताबा आणि त्या काळातला मालमत्ता कर भरलेला लागतो. २०२१मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला ‘मूरिश’ (सॉव्हरिन सिटिझनांचाच एक पंथ) हक्क सांगत दुसऱ्याच्या घरात घुसलेल्याला अटकच झाली.

त्रास खऱ्या मालकाला होतो. टायटलवर किंतु येतो, विक्री, रिफायनान्स अडतं. ‘क्वाएट टायटल’ (मालकी कुणाची हे कोर्टाकडून ठरवून घेण्याचा) दावा लावून कोर्टाचा आदेश नोंदवावा लागतो. तिकडचं घर ठेवून पुण्याला परतलेल्यांनी, काउंटीत सोय असेल तर, नावावर कागद नोंदला जाताच इशारा देणारी मोफत सेवा घ्यावी. घुसखोर आढळला तर परस्पर कुलूप बदलू नये. आपल्या डीडची प्रमाणित प्रत घेऊन पोलिसांकडे जावं.