शुभेच्छा पोचल्या, आता पैसे पाठवा

आज अभियंता दिन. सकाळपासून बॅचच्या ग्रुपवर विश्वेश्वरय्यांचे फोटो येऊन पडताहेत. तोच फेटा, तोच चष्मा. एकच चित्र तिघांनी टाकलंय, कारण आधीच्याने काय टाकलं ते कोणी बघतच नाही. या गर्दीत माझा परवाचा मेसेज कुठल्या कुठे वर गेला. आपल्या कॉलेजातल्या अडलेल्या पोरांच्या मेससाठी, फॉर्मसाठी निधी जमवतोय, जमेल तेवढं द्या, इतकंच लिहिलं होतं. त्यावर आधी दोन अंगठे, एक नमस्कार आणि एक प्रश्न आला: "८०जी मिळेल का?" म्हणजे देणगीवर आयकरात सूट.

याच ग्रुपवर रौप्यमहोत्सवी गेट-टुगेदरच्या रिसॉर्टचे माणशी साडेसहा हजार एका संध्याकाळीत जमले होते. टी-शर्टच्या रंगावर मतदानसुद्धा झालं.

बरं, ज्यांचे फोटो फिरवताय ते स्वतः कसे शिकले? वडील लहानपणीच गेले. बंगळुरात शिकवण्या करून बी. ए. केलं. म्हैसूर संस्थानाने शिष्यवृत्ती दिली म्हणून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंगला येता आलं. १८८३ साली पहिले आले. पुढे खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे वगैरे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यांची हुशारी कोण नाकारतंय? पण कुणीतरी वेळेवर पैसे दिले होते, एवढंच लक्षात ठेवा.

माझी हॉस्टेलची रूममेट तुम्हाला आठवत असेल. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आष्टीकडची. आईवडील ऊसतोडीला जायचे. परीक्षेचे फॉर्म नेमके त्याच दिवसांत निघायचे, जेव्हा घराला कुलूप लावून ते कारखान्यावर गेलेले असायचे. फोन कुठला आणि काय कुठलं! फॉर्मची तारीख गेली, विलंब शुल्क लागलं, आणि ही काही न बोलता वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, कानशीने घासत उभी. वर्कशॉपचे मामा तिच्याजवळ येऊन म्हणाले, "अगं, किती घासशील, माप गेलं त्याचं." मग रडू फुटलं. मामांनी कॉटन वेस्टच्या बोळ्याने हात पुसले, खाकी शर्टाच्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या, मोजल्या आणि म्हणाले, "दुपारी दोनला खिडकी बंद होते, पळ."

मामांनी ८०जी विचारलं नाही. आणि आपल्यातले बरेचजण नवीन करप्रणालीत गेलेत, तिथे ती वजावट मिळतच नाही. मग विचारता कशाला?

"मोठ्या लोकांनी द्यावं, इन्फोसिसच्या नंदन निलेकणींनी नाही का दिले" असंही एकाने लिहिलं. दिले ना. २०२३ मध्ये ३१५ कोटी, आधीचे धरून ४०० कोटी. पण ते आयआयटी मुंबईला. तिथे शिकले, तिथे दिले. आपण जिथे शिकलो तिथे कोणी द्यायचे? निलेकणींनीच?

दुसरा म्हणतो, "त्यांना सरकार सगळं फुकट देतंच की." हे 'त्यांना' म्हणजे कोणाला, ते मला कळलंय आणि तुम्हालाही. आपली वर्षाची फी किती होती आठवा जरा. आज मुलाच्या क्लासची एका महिन्याची तेवढी भरत नाही का आपण? बाकीचा खर्च ज्यांच्या करातून झाला, त्यांतल्या कितीतरी घरांतलं कोणी कधी कॉलेजच्या गेटच्या आत आलेलं नव्हतं.

हो, मुलींचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून सरकारने माफ केलंय. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. चांगलंच केलं. पण शिक्षण शुल्क म्हणजे मेस नव्हे, खोलीचं भाडं नव्हे, लॅपटॉप नव्हे. आणि शिष्यवृत्ती मंजूर झालेली पोर्टलवर दिसली तरी पैसे खात्यात येईपर्यंत खायचं काय?

सगळ्यात राग आला तो 'लाभार्थी मुलांचे फोटो टाका, म्हणजे विश्वास बसेल' या मेसेजचा. अरे, आपल्या हॉस्टेलच्या मेसच्या दारावर थकबाकीदारांची यादी लागायची, विसरलात? खडूने लिहिलेली. ती पोरं जेवायची वेळ टळून गेल्यावर त्या दारावरून जायची. आता तीच यादी मी रंगीत फोटोंसकट ग्रुपवर लावू?

मामांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण मी तेव्हा वर्कशॉपमध्ये तिच्या शेजारच्या व्हाइसवर (जॉब पकडायच्या शेगड्यावर) होते.

असो. चिडून उपयोग नाही. घरोघरी हप्ते आहेत, कोणाची नोकरी गेली आहे, कोणाकडे आजारपण आहे. त्यांना मी म्हणतच नाहीये. आणि मागच्या वेळी माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून कमान उभी राहिली आणि तिच्यावर देणगीदारांची नावं, हेही खरं. मलाही पटलं नव्हतं.

लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांनी बोर्डिंगच्या पोरांना जेवायला मिळावं म्हणून मंगळसूत्र विकलं, तेव्हा साताऱ्यात कमान बांधायला नव्हतं विकलं. महिन्याला पाचशे रुपये म्हणजे काही मंगळसूत्र नव्हे. शनिवारचं एक पार्सल कमी.

माझी रूममेट आज जलसंपदा खात्यात आहे. मेसेज टाकला त्याच रात्री तिचे पैसे आले. सोबत एक ओळसुद्धा नाही.

तर आता कामाचं. पैसे थेट मेसच्या कंत्राटदाराला आणि परीक्षा विभागात भरायचे, मुलांच्या हातात किंवा कॉलेजच्या खात्यात नाही. कमान नाही, पाटी नाही, फोटो नाही. अर्ज बघायला दोन प्राध्यापक तयार आहेत, निवृत्त झालेत, वेळ आहे त्यांच्याकडे. हिशोब तपासायला मात्र आपल्यातले तिघं हवेत, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, तासाभराचं काम. पारदर्शकतेबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांची नावं मी आधीच लिहून ठेवली आहेत. फोन करतेय, उचला.