आवळू नका, पाया पडतो

परभणीत कुठलंही वाद्य ढिलं दिसलं की ते आवळायला लावल्याशिवाय माणूस पुढं सरकत नाही. हलगी असो, संबळ असो, ताशा असो. बोटानं टिचकी मारायची, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "आवळा की जरा." हा सल्ला फुकट मिळतो, मागावा लागत नाही आणि देणाऱ्याला वाजवता आलंच पाहिजे अशी अटही नसते. अशा गावात मी एक ड्रम मुद्दाम ढिला ठेवायच्या नादाला लागलोय.

ड्रम म्हणजे स्नेअर. बँडवाले त्याला साईड ड्रम म्हणतात. चौदा इंचांचा व्यास, वर एक पान, खाली एक पातळ पान आणि त्या खालच्या पानाला चिकटून बारीक पिळदार तारांची पट्टी. वर काडी पडली की खाली तारा थरथरतात आणि तो ओळखीचा 'टर्र' येतो. वरातीत हा आवाज कडकच लागतो. डीजेच्या भिंतीपुढं टिकायचं म्हटल्यावर दुसरा उपाय नाही. पण मला हवाय तो साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा आवाज. जाड, कोरडा, बसका. सोयाबीनचं पोतं ट्रॉलीतून खाली पडावं तसा एकच 'धप्प', आणि मागं घणघण नाही.

आमचा चौघांचा बँड आहे. गिटारवाल्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बेसवाला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, गाणारा विम्याची कामं करतो. त्यामुळं त्याला थांबवणं कुणालाच जमत नाही. मी दिवसा फायली बघतो आणि संध्याकाळी ड्रमवर बसतो. या आवाजाची पंढरी म्हणजे शिकागोची लुडविग कंपनी. तिचा सुप्राफोनिक नावाचा स्नेअर, अ‍ॅल्युमिनियमवर क्रोमचा मुलामा, साडेसहा इंच उंच, दहा स्क्रूंचा. लेड झेपेलिन बँडचा ड्रमवाला जॉन बॉनम तो वाजवायचा. माझा आठ स्क्रूंचा आहे. एका बंद पडलेल्या बँडपार्टीच्या मामांकडून घेतलाय आणि त्याच्या पत्र्यावर लाल रंगात 'शुभ विवाह' लिहिलेलं आहे. रॉकेलनं घासूनही ते जात नाही. बायको म्हणते, राहू द्या, खर्च तर तेवढाच झालाय.

स्नेअर लावायची रीत कागदावर सोपी आहे. सगळे स्क्रू मोकळे करायचे, बोटांनी सारखे बसवायचे आणि मग चावीनं अर्धा-अर्धा फेरा द्यायचा. एकाला फेरा दिला की शेजारच्याकडं जायचं नाही, थेट समोरच्याकडं जायचं. मग प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काडीनं टकटक करत फिरायचं. सगळीकडं एकच सूर आला पाहिजे. आठ स्क्रूंचं एकमत! आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवर तिघांचं होत नाही. एक वर आणावा तर त्याच्या समोरचा बिघडतो. समोरच्याला समजवावं तर मधले दोघं रुसतात. हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर, कारण दिवसा ट्रॅक्टरांच्या आवाजात सूर कळत नाही. पलीकडच्या काकूंनी तर दोनदा खिडकीतून विचारलं, "भाऊ, इतक्या रात्री सुपारी फोडायलास का?"

खालच्या पानाचं शास्त्र वेगळं. वरचं पान इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या दहा भागांएवढं जाड असतं, खालचं फक्त तीन. हे खालचं चांगलं ताणून ठेवायचं, म्हणजे तारा चटकन बोलतात. ढिलं सोडायचं ते वरचं. आणि सगळ्यात वरताण म्हणजे, अर्धी रात्र घालवून आठही स्क्रू एका सुरात आले की त्यातला एक मुद्दाम सैल करायचा. जाड आवाजासाठी जाणकार हेच करतात. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

एवढं जमवून मी चहा ठेवायला आत गेलो की मामा आलेच म्हणून समजा. ड्रम विकला तरी त्यांचा त्याच्यावरचा हक्क सुटलेला नाही. स्कूटीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांनी ड्रमची चावी अजून ठेवली आहे. मी दोन कप घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी आठही स्क्रू पिळून पान पापडासारखं कडक केलेलं असतं, आणि वर काडीचा एक तडाखा.

"बघ, आता कसा बोलायलाय."

बोलत तर होता, पण १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाचं बोलत होता.

"मामा, मला ढिलाच पाहिजे होता."

"ढिला कशाला? आजारी हाय का तो?"

यावर काय बोलणार? मामांनी चाळीस वर्षं मराठवाडाभर वराती पोचवल्या आहेत. त्यांच्या हिशेबात ढिलं पान म्हणजे बयाणा परत मागायला आलेला नवरदेवाचा बाप.

दुसरा सल्लागार म्हणजे माझा शाळेतला मित्र. हलगीत त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. त्यानं पान चाचपलं आणि निदान केलं, "थंड पडलंय. शेकून घे." हलगीचं चामडं पाचटाच्या नाहीतर कागदाच्या जाळावर धरतात, ओल उडते, कातडं ताणतं आणि आवाज खणखणीत होतो. परदेशातल्या ड्रमवाल्यांचंही एके काळी हेच दुखणं होतं. वासराचं कातडं दमट हवेत लोंबायचं, म्हणून ते ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवायचे. मग पॉलिएस्टरची पानं निघाली. १९५७ साली रेमो बेली या ड्रमवाल्यानं त्यांची कंपनीच काढली आणि तो त्रास मिटला. हे सगळं मी मित्राला समजावून सांगितलं. म्हटलं, हे प्लास्टिक आहे, शेकलं तर सुरकुतेल; याला उन्हाचं काही नाही, पावसाचं काही नाही.

तो बराच वेळ ड्रमकडं बघत राहिला. "म्हणजे यात जीवच नाही की. मग वाजवायलास कशाला?"

उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. पारा बेचाळीसच्या वर गेला की कूलरशिवाय खोलीत बसवत नाही आणि कूलर लावला की स्नेअरच्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात. कुणी हात लावलेला नसतो. पंख्याच्या घरघरीतला एखादा सूर पानाला मानवतो आणि तारा 'झ्यँ' करत सुटतात. बेसवाला फिजिक्सवाला असल्यानं त्याला याचा फार आनंद होतो. अनुनादाचं इतकं चांगलं उदाहरण प्रयोगशाळेत मिळत नाही, असं म्हणून त्यानं बारावीची पोरंच आणून दाखवली. खटका पाडला की तारा पानापासून सुटतात आणि शांतता होते, पण मग तो स्नेअर राहत नाही, डबा होतो. त्यामुळं मे महिन्यात तारा चालू, कूलर बंद. माझ्या घामानं पानावर डाग पडलेत ते त्यामुळं.

आता घणघणीचं. ढिल्या पानालाही कडेला एक 'टँग' उरतोच. तो मारायचे नामी उपाय मोठ्या लोकांनी करून ठेवलेत. बीटल्सच्या शेवटच्या वर्षांत रिंगो स्टारच्या ड्रमवर चक्क कपबशा पुसायची फडकी पसरलेली असायची. अमेरिकेतल्या मेम्फिसचा ड्रमवाला अल जॅक्सन स्नेअरवर खिशातलं पाकीट ठेवायचा असं सांगतात. मी पाकिटापासून सुरुवात केली, आणि कळलं की या पद्धतीत आवाज तारखेवर अवलंबून असतो. एक तारखेला भरदार 'धप्प'. पंधरा तारखेनंतर 'टँग' डोकं वर काढतो आणि पंचवीसला तर मामा खूश होतील इतका आवाज मोकळा होतो. शिवाय हल्ली नोटा ठेवतो कोण? सगळं फोनवर. पाकिटात आधार कार्ड, एक जुना पासपोर्ट फोटो आणि तुळजापूरच्या अंगाऱ्याची पुडी. एवढ्यावर सत्तरचं दशक येत नाही.

मग ओट्यावरचं फडकं आणलं. आवाज खरोखर बसला. पण अर्ध्या तासात आतून विचारणा झाली, "अहो, दूध उतू गेलंय, फडकं कुठंय?" रिंगोच्या घरी हा प्रश्न कसा सोडवला असेल याची नोंद कुठं सापडत नाही.

खरा तोडगा निघाला तो आबांकडून. आबा आमच्या मागच्या गल्लीत राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढं, वारकरी, मृदंगात मुरलेला माणूस. गंगाखेडला जनाबाईच्या देवळात भजनाला अजूनही जातात. या साऱ्या प्रकरणात "आवळ" न म्हणालेला हा एकच माणूस. त्यांनी ड्रम ऐकला, मला कुठला आवाज हवाय ते ऐकलं आणि म्हणाले, "कणीक लाव की."

मृदंगाच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते, पण डाव्याला प्रत्येक वेळी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या वजनानं पान जड होतं, खर्ज येतो. भजन संपलं की खरवडून टाकायची. म्हणजे फडकी आणि पाकिटं घेऊन लोक ज्याच्या मागं लागले, ते आमच्याकडं कणकेत मळून ठेवलेलं होतं. मी लगेच आत गेलो आणि पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून लिंबाएवढा गोळा उचलला. पानाला पांढरा खरखरीत लेप असतो, त्यावर ती छान बसली. काडी मारली.

धप्प.

गिटारवाला उभा राहिला. गाणाऱ्यानं विम्याचा फोन मधेच कापला. यापेक्षा मोठी दाद आमच्या बँडला आजवर मिळालेली नाही.

फक्त हवा परभणीची. दुसऱ्या गाण्यापर्यंत कणीक वाळली, तिसऱ्याला तडकली आणि चौथ्याला मी जोर लावला तेव्हा तिचे तुकडे उडून बेसवाल्याच्या चष्म्यावर बसले. आबा म्हणाले, पाण्याचा हात फिरवत राहायचं. तेव्हापासून ड्रमशेजारी पाण्याची वाटी असते. मुंग्यांना पत्ता लागलाय तो वेगळाच. आणि घरातही हिशेब लागायला लागला. "माणसं चार, कणीक पाचाची मळायलेय मी. पाचवं कोण जेवतंय?"

उरला प्रश्न जागेचा. बॉनमचा सगळ्यात गाजलेला ड्रम हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाच्या घरात ध्वनिमुद्रित झाला. १७९५ साली गोरगरिबांना कामाला ठेवण्यासाठी बांधलेली ती इमारत. ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी, प्रवेशदालनात आणि दोन माइक वर जिन्यात टांगलेले. आमच्या जिन्यातही मोबाईल टांगून पाहिला. त्यात वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या फार सुरेख आल्या. तो नाद सोडला. आता आमचा सराव गिटारवाल्याच्या खताच्या गोदामात होतो, आणि तिथं मला हवं ते आपोआप मिळतं. पेरणीच्या आधी गोदाम छतापर्यंत भरलेलं असतं. युरियाच्या पोत्यांच्या थप्प्या सगळा घुमारा पिऊन टाकतात. सत्तरच्या दशकात स्टुडिओवाले भिंतींना गालिचे ठोकायचे ते याचसाठी.

पण पाऊस पडला की रांगा लागतात आणि थप्प्या उतरायला लागतात. अर्धं गोदाम रिकामं झालं की आम्ही ऐंशीच्या दशकात येतो. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजम या ध्वनिमुद्रकानं खोलीचा घुमारा फुगवून तो मधेच कापायची युक्ती रुजवली आणि पुढं दशकभर सगळ्यांचेच स्नेअर गरजत राहिले. मला तो आवाज अजिबात सोसत नाही. गिटारवाला मात्र माल गेल्याच्या आनंदात असतो. त्याला मी म्हटलं, पाच-पन्नास पोती मागच्या भिंतीला राहू दे. तो म्हणाला, "शेतकऱ्याला काय सांगू? ड्रमला लागतंय?"

परवा मात्र सगळं जुळून आलं. नवा माल उतरला होता, कणीक ओली होती, सात स्क्रू एका सुरात, आठवा सैल, कूलर बंद. आबा पोत्यावर मांडी घालून बसलेले. आम्ही एक गाणं आख्खं वाजवलं आणि प्रत्येक ठोक्याला तो जाड, कोरडा आवाज पडत गेला. आबांची मान डोलत होती. तेवढ्यात शटरखालून वाकून मामा आत आले. गाणं संपेपर्यंत उभे राहिले, अगदी शांतपणे. मग हळहळून म्हणाले, "फाटलं ना शेवटी पान? मी सांगितलं होतं."

"फाटलं नाही, मामा. असंच पाहिजे."

त्यांनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "पोरगं बरोबर करायलंय." मामांना हे पटलं नाही. त्यांनी ड्रमवर वाकून कणकेकडं बघितलं, एका मुंगीला बोटानं बाजूला सारलं आणि खिशातून जुडगा काढला.

मी मधे गेलो. "मामा, आधी चहा घ्या."

"घेतो की," ते म्हणाले, "तू ठेव जाऊन."