‘आकडा सांगा, भविष्य सांगू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की यातलं निम्मं बरोबर आहे. उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की हवामानाच्या इशाऱ्यात नुसता ‘अमुक मिलिमीटर पाऊस’ देऊन थांबू नये, त्या पावसाने काय होईल तेही सांगावं. तुमचं म्हणणं असं: मिलिमीटर मोजता येतात, दुसऱ्या दिवशी ताडून बघता येतात. ‘सखल भागात पाणी शिरू शकतं’ हे निव्वळ राशिभविष्य, कुठे ना कुठे खरं ठरणारच. आणि हवामानवाल्यांनी हवा बघावी, लोकांची घरं-रस्ते हा त्यांचा विषय नव्हे.

आधी आकड्याचं बघू. चक्रीवादळांची सॅफिर-सिम्पसन श्रेणी घ्या, म्हणजे वादळाला एक ते पाच असा जोराचा आकडा देण्याची अमेरिकी पद्धत. २००४ मध्ये ‘चार्ली’ फ्लोरिडाला धडकलं ते चौथ्या श्रेणीचं. त्याने समुद्राचं पाणी चढवलं जेमतेम दोन मीटर. २००८ मध्ये ‘आइक’ टेक्सासला धडकलं तेव्हा दुसऱ्या श्रेणीचं होतं, पण त्याचा पसारा अवाढव्य, आणि पाणी चढलं सहा मीटरच्या आसपास. श्रेणी ठरते वाऱ्याच्या वेगावर. पाणी मात्र वादळाचा घेर, किनाऱ्याचा उतार, वादळ कुठल्या कोनातून येतंय, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. ‘दुसरीच श्रेणी आहे ना’ म्हणून कुणी घरी थांबला, तर त्याला फसवणारा आकडा अगदी अचूक होता!

इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा आहे, तुम्ही मांडला नाहीत म्हणून मीच मांडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०१० मध्ये त्या श्रेणीतून पाण्याच्या उंचीचे आकडे काढून टाकले. श्रेणीवरून जे कळत नाही ते श्रेणीच्या नावाखाली सांगायचं नाही, हा प्रामाणिकपणा झाला. पण ते तिथे थांबले नाहीत. २०१७ पासून पाण्याचा इशारा वेगळा देऊ लागले, आणि त्यांच्या नकाशात पाणी जमिनीपासून किती उंच येईल ते दाखवतात. गुडघ्यापर्यंत की डोक्यावरून, हे ज्याचं त्याला कळतं.

फिलिपाइन्समध्ये २०१३ साली ‘हैयान’ चक्रीवादळ आलं तेव्हा हे जमलं नाही. अंदाज चुकला नव्हता, ‘स्टॉर्म सर्ज’, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी, येणार हे आधी सांगितलेलं होतं. तिथल्या टाक्लोबान शहरातल्या कितीतरी लोकांना त्या शब्दाचा अर्थच लागला नाही. ‘त्सुनामीसारखं पाणी येईल असं म्हणाला असतात तर पळालो असतो,’ असं वाचलेले लोक नंतर सांगत होते. देशभरात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. शास्त्रीय शब्द बिनचूक होता, पण तो त्यांच्या उपयोगी पडला नाही.

जर्मनीतल्या आर नदीचं तर मला राहून राहून आठवतं. २०१६ च्या पुरात तिच्या काठच्या आल्टेनआर गावात पाणी ३.७१ मीटरपर्यंत आलं होतं, आणि मोठा पूर म्हणजे तेवढा, हे लोकांच्या डोक्यात बसलेलं. १४ जुलै २०२१ च्या रात्री पाणी त्याच्या दुपटीहूनही वर गेलं. मीटरचा आकडा ऐकून पाणी कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्यापर्यंत येणार हे कळत नाही. नदी ऱ्हाइनला मिळते तिथे झिन्त्सिग हे गाव आहे. वरची गावं बुडाल्यावर तिथे पाणी पोचायला काही तास गेले. तरी तिथल्या अपंगांच्या निवासगृहात बारा जण बुडून गेले. ‘तळमजल्यावरच्यांना आत्ता वर न्या’ हे वाक्य राशिभविष्य ठरलं असतं का, तुम्हीच सांगा.

घरं-रस्त्यांबद्दल: हे एकट्या हवामानवाल्याचं काम नाही हे खरंच. नदीचा अभ्यास करणारे, नगररचनावाले, बचावपथकं एकत्र बसल्याशिवाय ते वाक्य लिहिताच येत नाही. मी लेखात हे गृहीत धरलं, लिहिलं नाही.

आता पडताळणी. इथे तुमचा बाण बरोबर लागलाय. पाऊस पर्जन्यमापकात जमा होतो, परिणाम कशातच जमा होत नाही. शिवाय इशारा ऐकून लोक हलले आणि कुणी दगावलं नाही, तर वरून दिसतं की उगाच घाबरवलं. त्यामुळे कुठे पाणी शिरलं, कुठला रस्ता बंद पडला, किती वाजता, याची नोंद दर वेळी ठेवायलाच हवी. ती नसेल तर तुम्ही राशिभविष्य म्हणालात ते मला मान्य आहे. ‘शकतं’ हे क्रियापद कुणालाही कायमचं सुरक्षित ठेवतं, हेही खरं.

आणि एक चूक माझी. ‘पिवळा इशारा म्हणजे फार काळजी नको’ असं मी लिहिलं होतं. ब्रिटनच्या हवामानखात्याची पद्धत पुन्हा वाचली. तिथे शक्यता आणि परिणाम या दोहोंवरून रंग ठरतो. किरकोळ खोळंबा जवळजवळ नक्की असेल तरी पिवळा, आणि भयंकर काही घडण्याची शक्यता बरीच कमी असेल तरीही पिवळाच. म्हणजे नुसता रंग बघून निश्चिंत होता येत नाही, खालचा मजकूर वाचावाच लागतो. ते वाक्य मूळ लेखात बदललंय, तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं असंही तिथे लिहिलंय.