व्हिडिओवरून घेतलेली संमती म्हणजे फसवणूक नव्हे

स्ट्रोकच्या रुग्णांविषयी एक मजकूर सध्या या ना त्या रूपात फिरतो आहे. आशय असा : लहान गावातल्या रुग्णालयात लकव्याचा रुग्ण आला की दूर शहरातले डॉक्टर व्हिडिओ कॉल लावतात, हात न लावताच तपासल्याचं दाखवतात, घाबरलेल्या नातेवाइकांकडून होकार काढतात आणि नेहमीचं औषध न देता रुग्णाला नव्या औषधाच्या प्रयोगात घालतात, यात मोलाचा वेळ जातो. यामागची भीती मला समजते. औषध चाचण्यांत गरिबांवर अन्याय झाल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. पण हे दावे तपासून पाहिले तर टिकत नाहीत, आणि त्यांवर विश्वास ठेवला तर तोटा लहान गावांचाच आहे.

आधी 'हात न लावता' हा मुद्दा. स्ट्रोकची तीव्रता मोजायची ठरलेली पद्धत आहे : डोळे फिरवायला सांगणं, हात वर धरून ठेवायला लावणं, बोलणं ऐकणं. रुग्णाजवळ नर्स किंवा डॉक्टर असेल तर यातलं बहुतेक सारं पडद्यावर दिसतं. बॉस्टनमध्ये 1999 साली हे पडताळलं गेलं. हातापायांची ताकद आणि भान यांचे गुण प्रत्यक्ष तपासणीशी उत्तम जुळले. हालचालींतल्या समन्वयाचे गुण मात्र नीट जुळले नाहीत. ही मर्यादा खरी आहे आणि ती लपवू नये. पण पर्याय काय असतो, तेही बघा. कॅलिफोर्नियातल्या 2008 च्या अभ्यासात व्हिडिओवरून सल्ला घेतलेल्या रुग्णांपैकी 98 टक्क्यांच्या बाबतीत उपचारांचा निर्णय योग्य ठरला. नुसत्या फोनवरून सल्ला घेतला तेव्हा 82 टक्के. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात 2014 पासून जिल्हा पातळीवरचे डॉक्टर स्मार्टफोनवर न्यूरॉलॉजिस्टला विचारून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं औषध देऊ लागले. तो चाचणीचा भाग नव्हता, नेहमीचा उपचारच होता.

'नेहमीचं औषध न देता' हे तर सरळ चूक आहे. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी टेलिमेडिसिनच्या मदतीने रुग्णांना लहान रुग्णालयातच चाचणीत घेतलं आणि तो अनुभव 2015 साली प्रसिद्ध केला. त्या चाचणीत गुठळी विरघळवणारं औषध प्रत्येकाला मिळत होतं. जोडीला डोक्यावरच्या यंत्रातून अल्ट्रासाऊंड लहरी दिल्या तर फायदा वाढतो का, एवढाच प्रश्न होता. (तो वाढत नाही असं पुढे दिसलं आणि चाचणी थांबवली गेली. हेही कळायलाच हवं होतं.)

वेळेचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण मेंदूतली मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. लॉस एंजेलिस परिसरातल्या एका मोठ्या चाचणीत 1700 रुग्णांना रुग्णालयात पोहोचण्याआधी, अँब्युलन्समध्येच घेतलं गेलं. डॉक्टर फोनवर रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलून संमती घेत. लक्षणं सुरू झाल्यापासून चाचणीचं औषध, म्हणजे मॅग्नेशियम, सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी वेळ लागला) 45 मिनिटं होता. मॅग्नेशियमचा उपयोग झाला नाही, असा निकाल 2015 मध्ये आला. पण दुरून संमती घेतली की उशीर होतोच, हा समज त्या चाचणीने खोडून काढला.

आता संमती. मजकुरातला 'घाबरलेल्या नातेवाइकांकडून होकार' एवढाच भाग खऱ्या दुखण्याजवळ जातो. लकव्याच्या रुग्णाला कधी बोलता येत नाही, कधी सही करायचा हातच गेलेला असतो. बायको किंवा मुलगा कॉटजवळ थरथरत उभा असतो. अशा वेळी दिलेला होकार कितपत समजून दिलेला असतो? हा प्रश्न रास्त आहे. पण तो मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात, डॉक्टर समोर उभे असतानाही तितकाच लागू होतो. घबराट पडद्यामुळे येत नाही. उलट पडद्याचा एक उपयोग होतो : निर्णय घेणारा मुलगा पुण्यात नोकरीला आणि वडील गावच्या रुग्णालयात असतील, तर त्यालाही त्याच कॉलवर घेता येतं, संमतीपत्र त्याच्या फोनवर पाठवता येतं. नातेवाइकाच्या स्मार्टफोनवर संमती घेण्याचा असाच अनुभव अटलांटातल्या डॉक्टरांनी 2017 साली मांडला आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लहान रुग्णालय आपले गंभीर रुग्ण ज्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतं, त्याच रुग्णालयाचा डॉक्टर चाचणीसाठी विचारत असेल तर तिथल्या स्थानिक डॉक्टरला नाही म्हणणं जड जातं. नातेवाइकांनाही वाटतं, नकार दिला तर पुढे बेड मिळेल का? यावर नजर ठेवायला हवी, आणि ती व्हिडिओ बंद करून ठेवता येणार नाही.

चाचण्या फक्त महानगरांत झाल्या तर त्यांचे निष्कर्षही तिथल्याच रुग्णांवरून निघतात. गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दूरच्या तालुक्यातून निघालेला रुग्ण मोठ्या केंद्रात पोहोचेपर्यंत ती वेळ बऱ्याचदा टळलेली असते. त्याचं वय, त्याचा मधुमेह, त्याला झालेला उशीर, यातलं काहीच मग अभ्यासात येत नाही.

आपल्याकडे 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाची चाचणी जिथे होते त्या प्रत्येक ठिकाणासाठी नैतिकता समितीची (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची) मंजुरी लागते आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. तेव्हा कुणी व्हिडिओवरून विचारलं तर सीटीआरआय क्रमांक मागा, नैतिकता समितीचा फोन नंबर मागा, आणि नकार दिला तर कोणता उपचार सुरू राहील ते स्थानिक डॉक्टरसमोरच विचारा. 'सही करा, नाहीतर औषध नाही' असं उत्तर आलं तर सही करू नका, आणि नेहमीचे उपचार ताबडतोब सुरू करायला लावा.