ॲरे जोडण्या-तोडण्याचे ‘पाच नियम’: एकेकाचा प्रतिवाद

सांगली-मिरजेत वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘पीएचपीतले ॲरे: पाच नियम पाठ करा, बाकी सोडून द्या’ असा त्याचा मथळा. (पीएचपी ही वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि ॲरे म्हणजे एका नावाखाली ठेवलेला अनेक वस्तूंचा संग्रह.) नियम थोडक्यात असे. एक, दोन ॲरे जोडायला अधिक चिन्ह वापरा नाहीतर ॲरे_मर्ज, उत्तर एकच येतं. दोन, ॲरे_मर्जमध्ये डेटा कधीच हरवत नाही. तीन, तुकडे करायला स्लाइस, स्प्लाइस, चंक सगळे सारखेच. चार, मजकूर तोडायला एक्सप्लोड आणि स्ट्र_स्प्लिट एवढे दोघे पुरेत. पाच, नावं आणि आकडे जुळवायला ॲरे_कंबाइन. फॉरइच लूप (ॲरेतल्या एकेका वस्तूवर तोच कोड फिरवणारी रचना) लिहितो तो अजून कच्चा.

मुलं हा मेसेज सेव्ह करून ठेवतात आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री घोकतात. इंटरव्ह्यू कदाचित निघूनही जाईल. पण नंतर हाच कोड कुणाच्या तरी पेढीच्या हिशेबात आणि दूध संस्थेच्या यादीत जाऊन बसतो. तिथे चूक झाली तर एरर दिसत नाही, आकडा बदलतो. म्हणून हे पाचही नियम एकेक करून तपासायला हवेत.

त्याआधी पीएचपीचा ॲरे म्हणजे काय ते पक्कं करू. ती नुसती ओळीत मांडलेल्या वस्तूंची रांग नाही. प्रत्येक व्हॅल्यूला, म्हणजे आत ठेवलेल्या मूल्याला, एक की असते, म्हणजे ते मूल्य शोधायची खूण, आणि ती एकतर पूर्णांक असते किंवा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. तुम्ही की अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून दिलीत, पण ती सरळ पूर्णांकासारखी दिसत असेल, तर पीएचपी न विचारता तिचा पूर्णांक करून टाकते. मेसेजमधल्या पाचही नियमांत या कीचा साधा उल्लेख नाही. माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. (लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, प्रोग्रॅममध्ये ते इंग्रजी अंकांत असतात असं धरून वाचा.)

अधिक चिन्ह आणि ॲरे_मर्ज एकच, हा पहिला नियम दोन ओळींत मोडतो. एका ॲरेत ‘हळद’, ‘बेदाणा’ घ्या. दुसऱ्यात ‘गूळ’, ‘सोयाबीन’, ‘मका’ घ्या. ॲरे_मर्ज केलंत तर पाचही माल मिळतात. अधिक चिन्हानं जोडलंत तर मिळतं: हळद, बेदाणा, मका. गूळ आणि सोयाबीन गायब, आणि स्क्रीनवर एका शब्दाचीही वॉर्निंग नाही. कारण सोपं आहे. अधिक चिन्ह की बघतं. आपण की दिल्या नाहीत, म्हणून पीएचपीनं दोन्हीकडे शून्यापासून क्रमांक दिले. डावीकडच्या ॲरेत ० आणि १ या की आधीच भरलेल्या आहेत, म्हणून उजवीकडचे ० आणि १ सोडून दिले जातात. फक्त २ वरचा मका आत येतो.

याचा अर्थ अधिक चिन्ह वाईट असा नाही. ग्राहकानं भरलेली सेटिंग्ज डावीकडे आणि आपली ठरलेली सेटिंग्ज उजवीकडे ठेवून अधिक चिन्ह द्या: त्यानं भरलं असेल ते राहतं, राहिलेलं आपल्याकडून भरलं जातं. हे त्याचं खरं काम आहे आणि ते फार नेमकेपणानं होतं.

दुसऱ्या नियमावर मात्र जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. ‘ॲरे_मर्जमध्ये डेटा हरवत नाही.’ इथल्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर मी हे बघितलं आहे. डिलिव्हरीचे दर दोन फाइलींत होते, एक सांगली जिल्ह्याची, एक सातारा जिल्ह्याची. की म्हणजे पिन कोड, व्हॅल्यू म्हणजे दर. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तिकडे कराड ४१५११०, अशी मांडणी. साइट करणाऱ्या मुलानं दोन्ही ॲरे मर्ज केले, काउंट, म्हणजे एकूण वस्तूंची संख्या, काढून बघितला, तो बरोबर आला. आणि सांगलीतल्याच गिऱ्हाईकानं ४१६४१६ टाकल्यावर साइट सांगायला लागली, ‘या पिनवर डिलिव्हरी नाही.’

दर सगळे होते, पिन कोड गेले होते. ॲरे_मर्जचा नियम असा: स्ट्रिंग की दोन्हीकडे असेल तर नंतरची व्हॅल्यू आधीच्या व्हॅल्यूवर बसते, पूर्णांक की असेल तर ती की टाकून देऊन सगळ्यांना शून्यापासून नवे क्रमांक दिले जातात. ‘४१६४१६’ हा अवतरणचिन्हांत लिहिला तरी पूर्णांकच झाला होता. मर्जनंतर सांगली ० वर, मिरज १ वर, कराड २ वर. काउंट बरोबर येणारच, कारण व्हॅल्यू एकही कमी झालेली नाही.

त्या मुलाला खरा चकवा बसला तो पुढे. त्याच साइटवर संपर्काच्या पानासाठी एसटीडी कोडची यादी होती, तीही मर्ज केलेली, आणि ती मात्र बिनचूक चालत होती. सांगलीचा ०२३३, साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४. हे शून्यानं सुरू होतात, म्हणून पीएचपी त्यांचा पूर्णांक करत नाही. ते स्ट्रिंगच राहतात आणि मर्जमधून सहीसलामत बाहेर पडतात. तेच फंक्शन, तसाच कोड, एक यादी शाबूत आणि दुसरीच्या चिंध्या. ज्याला कीचा हा स्वभाव सांगितलेलाच नाही, त्यानं यातून वाट काढायची तरी कशी?

पिन कोडसारखीच गत मोबाइल नंबरची, सभासद क्रमांकाची, बिल नंबरची. ६४ बिटच्या मशीनवर दहा आकडी मोबाइल नंबरही पूर्णांकात सहज बसतो. अशा कीचे ॲरे जोडायचे तर ॲरे_रिप्लेस वापरा. ते पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून उपलब्ध आहे. की शाबूत राहते आणि दोन्हीकडे असेल तर नंतरची व्हॅल्यू जिंकते. आधीची जिंकायला हवी असेल तर अधिक चिन्ह. तीन टिंबांची नवी रीत, म्हणजे [...$सांगली, ...$सातारा], दिसायला सुटसुटीत आहे, पण ती या बाबतीत ॲरे_मर्जसारखीच वागते: पूर्णांक की पुन्हा शून्यापासून. शिवाय ती २०१९ च्या ७.४ मध्ये आली तेव्हा स्ट्रिंग की चालतच नव्हत्या. ती सोय २०२१ च्या ८.१ मध्ये झाली. होस्टिंगवर कुठली आवृत्ती आहे ते बघितल्याशिवाय वापरू नये.

स्ट्रिंग की असतानाही ‘हरवत नाही’ हे खोटंच. दोन्ही ॲरेंत ‘फोन’ ही की असेल तर पहिला फोन पुसला जातो. दोन्ही हवे असतील तर ॲरे_मर्ज_रिकर्सिव्ह आहे. ते ‘फोन’खाली दोन नंबरांचा छोटा ॲरे करून देतं. मग पुढचा कोड तिथे एकच नंबर धरून लिहिलेला असेल तर तो अडतो, हेही ध्यानात घ्यायचं.

तिसरा नियम: स्लाइस, स्प्लाइस, चंक सारखेच. ॲरे_स्लाइस मूळ ॲरेला हात लावत नाही, हवा तो तुकडा नवा काढून देतो. ॲरे_स्प्लाइस मूळ ॲरेतूनच तुकडा उपटतो. सौद्याच्या पानावर पहिले १० लॉट दाखवायला कुणी स्प्लाइस वापरला आणि खाली त्याच ॲरेवरून ‘एकूण लॉट’ छापले, तर पान रोज १० लॉट कमी सांगणार. कीच्या बाबतीत तर तिघांच्या तीन तऱ्हा आहेत. स्लाइस पूर्णांक की नव्यानं मोजतो, पण चौथा पॅरामीटर ट्रू दिला तर जशाच्या तशा ठेवतो. स्ट्रिंग की तो कधीच सोडत नाही. स्प्लाइसमध्ये पूर्णांक की वाचवायची सोयच नाही. चंक तर तिसरा पॅरामीटर दिला नाही तर स्ट्रिंग कीसुद्धा फेकून देतो, म्हणजे मर्जमधून वाचलेला ०२३३ इथे जातो.

चंकला दिलेला आकडा हा एका तुकड्यातल्या वस्तूंचा असतो, तुकड्यांचा नव्हे. सांगली जिल्ह्यातले १० तालुके पानावर तीन रकान्यांत मांडायचे म्हणून चंकला ३ दिलेत तर चार रकाने होतील, आणि चौथ्यात एकटा तालुका. दहाला तीननं भागून वरचा पूर्णांक घ्या, म्हणजे ४ द्या; मग ४, ४, २ असे तीन रकाने पडतात. साताऱ्याच्या ११ तालुक्यांनाही तोच ४ चालतो.

चौथा नियम मजकूर तोडण्याचा. दिलेल्या चिन्हाशी मजकूर तोडून ॲरे करणारं एक्सप्लोड हे उत्तम फंक्शन आहे, पण रिकाम्या स्ट्रिंगला स्वल्पविरामानं तोडलं तर रिकामा ॲरे मिळत नाही. एक रिकामी स्ट्रिंग असलेला ॲरे मिळतो आणि काउंट येतो १. फॉर्ममध्ये एकही गाव भरलेलं नसताना ‘१ गाव निवडले’ असं दिसतं ते यामुळे. ‘मिरज, तासगाव’ तोडलंत तर दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला स्पेस राहते आणि तासगाव यादीत असूनही सापडत नाही. प्रत्येक तुकड्यावर ट्रिम, म्हणजे कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन, चालवायलाच हवं. रिकामे तुकडे काढायला मुलं ॲरे_फिल्टर लावतात. ते ‘०’ लाही रिकामं समजून काढून टाकतं, आणि मधल्या की गाळून भोकं ठेवतं. अशा भोकाच्या ॲरेचं जेसन (ब्राउझरला डेटा पाठवायचा मजकुरी साचा) केलं तर ब्राउझरकडे यादीऐवजी ऑब्जेक्ट जातो आणि तिकडची जावास्क्रिप्ट थबकते. फिल्टरनंतर ॲरे_व्हॅल्यूज घेतलं की क्रमांक सरळ होतात.

आता स्ट्र_स्प्लिट. मराठीत काम करणाऱ्यानं हे फंक्शन मराठी मजकुरावर वापरूच नये. ते अक्षरं मोजत नाही, बाइट, म्हणजे साठवणुकीचं छोटं एकक, मोजतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘सांगली’ या शब्दात स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. स्ट्र_स्प्लिट त्याचे १८ तुकडे करतं, आणि त्यातला एकही तुकडा वाचता येण्याजोगा नसतो. त्याचं जेसन करायला गेलात तर जेसन_एन्कोड सरळ फॉल्स देतं. ७.४ पासूनचं एमबी_स्ट्र_स्प्लिट सहा तुकडे करतं, पण काना आणि अनुस्वार सुटे पडतात. आपण ज्याला अक्षर म्हणतो तसे सां, ग, ली हे तीन तुकडे हवे असतील तर २०२४ मध्ये ८.४ बरोबर आलेलं ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट आहे, किंवा जुन्या आवृत्तीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायची रीत. जोडाक्षरांचं जरा जपून: ‘कृष्णा’मधला ष्णा एकसंध येतो का ष् आणि णा असा सुटतो, हे सर्व्हरवरची युनिकोडची लायब्ररी किती नवी आहे त्यावर अवलंबून असतं. नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवणाऱ्या साइट्सवर आपल्या लोकांची नावं अर्धवट दिसतात त्याचं मूळ बऱ्याचदा अशाच फंक्शनच्या निवडीत असतं. आपल्या नावांचं असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राहिला पाचवा, आणि त्यातला लूपबद्दलचा शेरा. ॲरे_कंबाइन पहिल्या ॲरेच्या की करतं आणि दुसऱ्याच्या व्हॅल्यू. दोघांची लांबी जुळली नाही तर ८.० पासून व्हॅल्यूएरर येतो. त्याआधी वॉर्निंग आणि फॉल्स. ही चूक निदान समोर तरी येते. न दिसणारी चूक वेगळी आहे. नावं घ्या: पाटील, जाधव, पाटील. पोती घ्या: ४०, २५, ६०. कंबाइन केल्यावर उरतात जाधव २५ आणि पाटील ६०. एकूण १२५ पोत्यांची ८५ झाली, आणि लांबी जुळत होती म्हणून एररही नाही. सांगली जिल्ह्यात आडनावाची की करणं म्हणजे हिशेब बुडवणं. खाते क्रमांकाची की करा.

पण तोच खातेदार दोनदा माल घालतो तेव्हा काय? सकाळच्या आवकेचा एक ॲरे, दुपारच्या आवकेचा दुसरा, की खाते क्रमांक, व्हॅल्यू पोती. दोन्हींची बेरीज हवी आहे. ॲरे_मर्ज खाते क्रमांकच टाकून देतं. अधिक चिन्ह फक्त सकाळची पोती ठेवतं. ॲरे_रिप्लेस फक्त दुपारची. मर्ज_रिकर्सिव्हही इथे पूर्णांक कीमुळे सगळं एकाखाली एक लावून मोकळं होतं. कीनुसार बेरीज करणारं तयार फंक्शन पीएचपीत नाही. त्यासाठी दोन्ही ॲरेंवर फॉरइच चालवायचा आणि आत एक ओळ लिहायची:

$एकूण[$खाते] = ($एकूण[$खाते] ?? ०) + $पोती;

दुहेरी प्रश्नचिन्ह ७.० पासून आहे. खातं पहिल्यांदा आलं तर ते शून्यापासून धरतं. व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, फक्त तो शून्य कोडमध्ये इंग्रजी अंकात लिहा. पेढीवरची हिशेबपट्टी बरोबर निघायची असेल तर ही ओळ लूपमध्येच लिहावी लागते, आणि ती लिहिणाऱ्याला कच्चा म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका.