"डॅशबोर्ड शिकायचं तर विंडोजच घ्या" ही पोस्ट अर्धीच खरी आहे

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की डेटा डॅशबोर्डचं (आकडे आणि चार्ट एका पडद्यावर मांडायचं) काम करायचं असेल तर विंडोजचाच लॅपटॉप घ्या, मोठी टूल्स मॅक-लिनक्सवर चालतच नाहीत, ब्राउझरमधलं व्हर्जन नुसतं बघण्यापुरतं असतं, व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणं) म्हणजे डोकेदुखी, विंडोजवर बनवलेला रिपोर्ट सगळीकडे सारखाच दिसतो आणि सर्व्हरलाही शेवटी विंडोजच लागतं. हे वाचून नुकतं शिकायला लागलेले लोक हातातला चांगला चालणारा लॅपटॉप विकायला काढताहेत, त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी टूल्सचं बघू. यातली एक गोष्ट पूर्ण खरी आहे, पॉवर बीआय डेस्कटॉप (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं टूल) फक्त विंडोजवर चालतं, २०१५ साली आलं तेव्हापासून मॅकचं किंवा लिनक्सचं व्हर्जन नाहीये. ऑफिसात सगळं त्याच्यावरच असेल आणि रोज मॉडेल (रिपोर्टच्या मागची, एकमेकांना जोडलेल्या टेबलांची रचना) तुम्हीच बनवणार असाल तर विंडोज लागणार, त्यावर वादच नाही. पण एका टूलचा नियम सगळ्यांना कसा लावता? टॅब्लो हे असंच दुसरं टूल, त्याचं डेस्कटॉप व्हर्जन २०१४ पासून मॅकवर आहे (लिनक्सवर मात्र नाही, आणि मॅकवर अ‍ॅक्सेसच्या डेटाबेस फाइलीला थेट कनेक्शन मिळत नाही, हे माहीत असू द्या). लुकर स्टुडिओ, म्हणजे पूर्वीचं गूगल डेटा स्टुडिओ, इन्स्टॉलच करायचं नसतं. मेटाबेस या टूलची एक जार फाइल (जावावर चालणारा प्रोग्राम) असते, मशीनवर जावा असलं की तिन्हीकडे सुरू होते. ग्राफाना हे टूलही तिन्हीकडे चालतं.

"ब्राउझर नुसता बघायला" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण नवीन माणूस यालाच घाबरतो. लुकर स्टुडिओ, मेटाबेस, सुपरसेट (हेही डॅशबोर्डचंच टूल), ग्राफाना यांच्यात डॅशबोर्ड बनवायची जागाच ब्राउझर आहे, दुसरी खिडकी नाहीच. टॅब्लो पब्लिकवर (टॅब्लोची मोफत, सगळ्यांसाठी खुली साइट) पण ब्राउझरमध्ये चार्ट बनवून पब्लिश करता येतो, फक्त तिथे पब्लिश केलेलं सगळ्या जगाला दिसतं तेव्हा कंपनीचा डेटा चुकूनही टाकू नका. पॉवर बीआयचं जरा वेगळं आहे, तिथे ब्राउझरमधून आधीच पब्लिश झालेल्या मॉडेलवर नवीन रिपोर्ट बनवता येतो, व्हिज्युअल्स टाकता येतात, शेअर करता येतं, पण डेस्कटॉपमधलं सगळंच तिथे मिळत नाही आणि मॉडेलिंगचं मोठं काम असेल तर डेस्कटॉपच बरं. म्हणजे टीममध्ये मॉडेल एकजण बनवतो आणि बाकीचे त्यावर रिपोर्ट करतात अशी पद्धत असेल तर त्या बाकीच्यांचं मॅकवर नीट भागतं. अजून एक, पॉवर बीआयच्या खात्याला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, पर्सनल जीमेल चालत नाही, आणि ही अडचण विंडोज घेतलं म्हणून जात नाही.

व्हर्च्युअल मशीनबद्दल पोस्ट थोडी बरोबर आहे. एम१ चिपपासूनच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही, पण पॅरलल्समध्ये (मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमवालं, म्हणजे अशा चिपसाठीचं, विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिलीय आणि त्यात पॉवर बीआय डेस्कटॉप चालतं. रॅम ८ जीबी असेल तर मात्र त्रास होईल कारण दोन सिस्टिम तीच मेमरी वाटून घेणार. लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून रोजचं काम करायच्या भानगडीत पडू नका. ऑफिसने रिमोट डेस्कटॉप दिला असेल तर तो या दोन्हीपेक्षा सोपा.

"विंडोजवर बनवलं की सगळीकडे सारखंच दिसतं" हे तर साफ चूक आहे आणि यात लोकांचे तासन् तास जातात. सेगो यूआय हा विंडोजचा फॉन्ट, तो मॅकवर नसतो, मग ब्राउझर दुसरा फॉन्ट उचलतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि कार्डवरचा आकडा किंवा टायटल कापलं जातं. देवनागरी लेबलं असतील तर अजून जास्त, विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर, आणि लिनक्स सर्व्हरवरून पीडीएफ किंवा इमेज काढायची असेल आणि तिथे देवनागरी फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन येतात, नोटो सान्स देवनागरी टाकला की काम होतं. टॅब्लोने २०१६ मध्ये १० व्या व्हर्जनसोबत स्वतःचा फॉन्ट आणला तो उगाच नाही.

फाइलींचंही तसंच. लिनक्सला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात त्यामुळे विंडोजवर सापडणारी फाइल तिथे सापडत नाही, सी ड्राइव्हचा पाथ (फाइलचा पत्ता) क्वेरीत लिहून ठेवला असेल तर दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर, अगदी विंडोजवर पण, रिफ्रेश फेल होतो. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजेच एन्कोडिंग) मधली मराठी सीएसव्ही (साध्या मजकुरातली टेबलाची फाइल) विंडोजच्या एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की बऱ्याचदा कचरा अक्षरं दिसतात, ती डेटा इम्पोर्टमधून एन्कोडिंग निवडून उघडायची. डेटा डेटाबेसमध्ये किंवा शेअर्ड ठिकाणी ठेवलात तर पाथची कटकट बरीचशी संपते.

सर्व्हरचं उत्तर छोटंच आहे. टॅब्लो सर्व्हर जानेवारी २०१८ पासून लिनक्सवर चालतो. अपाची सुपरसेटला तर विंडोजचा अधिकृत सपोर्टच नाही, डॉकर किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवायच्या सोयी) वापरावं लागतं, म्हणजे इथे विंडोजवालाच अडतो. उलट बाजूने, ऑफिसमधला डेटा पॉवर बीआयच्या क्लाउडला जोडणारा गेटवे फक्त विंडोजवर चालतो, पण तो कंपनीच्या सतत चालू असलेल्या मशीनवर बसवतात, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

पोस्टचं शेवटचं वाक्य आहे, "आज नाही तर उद्या विंडोज घ्यावंच लागेल". लॅपटॉप विकण्याआधी ज्या नोकऱ्या हव्यात त्यांच्या जाहिराती वाचा, कुठल्या टूलचं नाव येतंय ते बघा, आणि मुलाखतीत विचारा की मशीन कंपनी देते का. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), स्टार स्कीमा (टेबलं जोडायची एक रचना), कुठल्या प्रश्नाला कुठला चार्ट हे सगळं आत्ता हातात असलेल्या मशीनवरच आजपासून शिकता येतं.