सोलापूरला जंगल नाही म्हणे!

परवा एका मित्राने मेंढा-लेखाचा, म्हणजे गडचिरोलीतल्या आपलं जंगल स्वतः सांभाळणाऱ्या आदिवासी गावाचा, व्हिडिओ पाठवला. खाली शेरा : "तुमच्या सोलापुरात असलं काही होणार नाही, जंगल आहेच कुठे!" उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं. म्हणून इथेच टाकतोय.

मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला, तरी स्वतःचाच बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक पास हातात पडेपर्यंत २०११ उजाडलं. असो. आमच्याकडे बांबू नाही, गवत आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते या गवतामुळेच. लांडगा, काळवीट त्याच्यावरच जगतात आणि आमच्या मामांची मेंढरंसुद्धा.

दिवाळीनंतर मामांकडे गेलं की ते घोंगड्यात रुतलेली कुसळं चिमटीने उपटत बसलेले असतात. "कुसळी कवळी हाय तवरच चारायची. कुसळ धरलं की मेंढराच्या कातड्यात घुसतंय." कुठलं गवत कधी, हे त्यांना पाठ आहे. मध्यंतरी त्याच माळावर खड्डे घेऊन गिरीपुष्पाची झाडं लावली गेली. माळ हिरवा दिसतो, फोटोही छान येतात. मेंढरं हुंगून पुढे जातात. सावलीखाली गवत विरळ झालंय. लावण्याआधी मामांना कुणी विचारलं नव्हतं.

मेंढपाळ धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. मोकाट चराईने माळ खरवडून निघतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. गाई-म्हशींना ते चालतं. मेंढरं दावणीला बांधून कशी पोसणार? इथे माळाचे वाटे पाडून, बी झडेपर्यंत एकेक वाटा आळीपाळीने राखायला हवा. कुठला आणि कधी, ते ग्रामसभेत मेंढक्यांना बसवून ठरवा.

२००६ चा वनहक्क कायदा चराईचा हक्क मानतो, भटक्या पशुपालकांचासुद्धा. अडतं ते पुराव्यावर. आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, तिथला वावर दाखवावा लागतो. मेंढक्याकडे कागद कुठला? पण दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुराव्यात धरतात. हे आमच्या ग्रामसभेत कुणी कधी वाचून दाखवलेलं मला आठवत नाही.

म्हणून गेल्या रविवारी शेजारच्या आजींकडे वही घेऊन बसलो. वय विचारलं. म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात हुता. आता तूच मांड हिशेब."